निम्म्यावर आटवलेलं पाणी

२४ जानेवारी १९६९

पोलीस पाटीलकी सरकारने काढून घेतली त्याला सहा वर्षं झाली, पण हाताची खोड जात नाही. गावात कुणी आडात पडलं, कुणाचा बैल मेला, कुणाची गंज पेटली, पंचनामा मी लिहायचो. आता माझ्याच घराचा लिहायची वेळ आली. हा तालुक्याला पाठवायचा नाही, माझा मला आहे.

मयत: सोपानचा मुलगा, माझा पहिला नातू. वय अडीच महिने. बारशाला नाव ठेवलं होतं, ते इथे लिहवत नाही.
तारीख: १२ जानेवारी, सकाळी.
अंगावरील खुणा: ओठ, नखं आणि तळपाय जांभळे. ताप नाही, उलटी नाही, वळ नाही.
आरोपी: (रकाना रिकामा ठेवतो.)
मत: धडधाकट पोर असं आपोआप निळं पडत नाही. हे कुणीतरी केलेलं आहे. ज्याने केलं त्याला मी सोडणार नाही. खाली सही करतो. रखमाजी.

२६ जानेवारी

शाळेत झेंड्याला बोलावलं होतं, गेलो नाही. घरी बसून एकेक गोष्ट तपासली.

सून रतन हिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पवनेकाठी झालं. सव्वा महिन्याने पोर घेऊन आली तेव्हा ते गुटगुटीत होतं, मी स्वतः उचलून पाहिलं. रतनला दूध कमी, म्हणून डब्याचं दूध तिथेही चालू होतं आणि मानवत होतं. इथे आल्यावर विसाव्या दिवशी त्याचा रंग उतरायला लागला. म्हणजे जे झालं ते माझ्या उंबऱ्याच्या आत झालं.

दुधाचा डबा मी कामशेतहून स्वतः आणला, झाकण माझ्यासमोर फोडलं. पाणी माझ्या विहिरीचं. गावाच्या आडावर भाऊबंदांच्या तोंडाला लागायला नको म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती गोठ्यामागे खणली, खतखड्ड्यापासून चार हात उताराला. पंधरा फुटांवर पाणी लागलं आणि भाऊबंदांची तोंडं पाहण्यासारखी झाली. पाणी स्वच्छ, गोड. मी रोज तांब्याभर उपाशीपोटी पितो आणि चौपन्नाव्या वर्षी पोतं पाठीवर घेतो. शिवाय तान्ह्याला आमच्यात पाणी उकळून, निम्म्यावर आटवूनच देतात. पोर मलूल पडलं तेव्हा तर मी सांगितलं, पाव हिस्सा उरेपर्यंत आटवा. तेव्हा पाण्यावर संशय घ्यायला जागा नाही.

घरात वावरणारी माणसं पाच. मी, बायको बयाबाई, रतन, सोपान (तो कान्हे स्टेशनावरून सकाळच्या गाडीने चिंचवडला कारखान्यात जातो, दिवेलागणीला येतो) आणि पाचवी गंगी.

३१ जानेवारी

गंगी ठाकरवाडीची, कोंडूची बायको. रोज डोंगर उतरून येते, शेणगोठा करते. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची तीच. तिची तान्ही पोर चिंगी दिवसभर आमच्या पडवीत पाटीत पडलेली असायची.

आज बयाबाईने सहज सांगितलं, "चिंगीबी तवा काळवंडलीच हुती की. आपल्या बाळाचं बोंडल्यात उरलेलं दूध रतन तिला पाजायची. दोन्ही पोरं एकाच रंगाची दिसायची बगा."

एकाच रंगाची. आणि गेलं आमचंच. आता तिची पोर काय करते ते पाहतो.

३ फेब्रुवारी

गंगी शेणाची पाटी घेऊन निघाली तेव्हा तिला अंगणात अडवलं.

"उद्यापास्नं यायचं न्हाई. माज्या हिरीचा थेंब तुज्या नायतर तुज्या पोरीच्या तोंडात जाता कामा न्हाई."

"काय चुकलं पाटील?"

"तुला म्हाईत हाय."

तेवढ्यात रतन चिंगीसाठी बोंडलं घेऊन बाहेर आली. डबा संपेपर्यंत देते म्हणे. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. रतन रिकाम्या हाताने आत गेली. बारा तारखेपासून ती बोलतच नाही फारशी.

गंगीने पोर काखेला मारली आणि वळूनही न पाहता वाट धरली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२० फेब्रुवारी

पंचायत समितीचे लोक खतखड्डा पाहून गेले. पंचक्रोशीत असा खड्डा नाही म्हणाले. शेण, मूत, राख, सगळं थरावर थर. मूत वाया जाऊ नये म्हणून गोठ्यातून थेट खड्ड्यात जाणारी चर मी स्वतः काढली आहे. सल्फेट खताची रिकामी पोती विहिरीच्या काठावर धुऊन वाळत घातली. बारदान चांगलं निघालं.

दिवस बरा गेला. पण संध्याकाळी पडवीतला पाळणा काढून माळ्यावर टाकला तेव्हा पुन्हा डोकं भणाणलं.

११ मार्च

पुरावा मिळाला.

कामशेतच्या बाजारात गंगी दिसली, कच्ची करवंदं घेऊन बसलेली. चिंगी मांडीवर. पोरीचे ओठ लाल, गाल वर आलेले, माझ्याकडे बघून हसली. जी दीड महिन्यापूर्वी काळवंडली होती तीच!

आता माझ्या डोळ्यांवरचं झापड उडालं. हिने आपल्या पोरीची पीडा उतरवली आणि माझ्या नातवावर टाकली. न्हाऊ घालता घालता टाकली, माझ्याच मोरीवर बसून, माझंच तेल वापरून. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. फौजदाराला हे सांगून उपयोग नाही, तो हसेल. पाटलाचा न्याय पाटलालाच करावा लागेल.

१९ मार्च

केला.

ठाकरवाडीच्या वर उंबराखाली झरा आहे. वाडीची बारा घरं त्यावर पितात, उन्हाळ्यातही आटत नाही. तो माझ्या सर्व्हे नंबरात येतो हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज मी सांगितलं. दोन गडी नेले, आधी धोंडे लोटले, मग मुरूम, वर माती. दुपारपर्यंत उंबराखाली नुसता ढीग उरला.

कोंडू हात जोडून उभा होता. "पाटील, पोरंबाळं काय पितील?"

"नदी हाय की खाली."

"तास लागतो जायाला. गुरं धुत्यात तितं."

"मग तुज्या बायकोला इचार, तिला लय इद्या येत्यात. पानी काढंल ती."

गंगी लांब उभी होती, पोर कडेवर. शिव्या देईल, रडेल, पाया पडेल असं वाटलं होतं. यातलं काहीच केलं नाही तिने. त्याची जरा चुटपुट लागली. पण आज दोन महिन्यांनी जेवण गोड लागलं हे खोटं कशाला लिहू?

४ एप्रिल

लेक शालू आंबीहून बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. तिचा चेहरा पाहिला आणि घरात पुन्हा उजेड आल्यासारखं वाटलं. रतनने तिची पिशवी आत नेली, तिच्यासाठी पाट मांडला. माझ्या सुनेचं मन मोठं आहे. रिकाम्या मांडीने दुसरीचे डोहाळे पुरवणं सोपं नव्हे.

१७ एप्रिल

शालूला मुलगी झाली. गोरीपान, मुठी घट्ट आवळलेल्या. मी तिच्या कानात सांगितलं, या घरात तुझ्या केसाला कुणी धक्का लावणार नाही. बाहेरचं माणूस उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, असं बयाबाईला बजावलं. न्हाऊ घालायला बयाबाई स्वतः बसेल.

२९ एप्रिल

शालूला ताप भरला, छाती दाटून आली, पोरीला पाजता येईना. पुन्हा डबा आणावा लागला. या खेपेला मी कुणावर भरवसा ठेवला नाही. पाणी मी शेंदतो, चुलीवर मी ठेवतो आणि निम्मं होईपर्यंत तिथून हलत नाही. घरातल्या बाया हसतात. हसू देत.

८ मे

दुपारी रतनने हाक मारली. एवढ्या महिन्यांत तिने मला मारलेली ही पहिली हाक.

"मामंजी, हिचं ओठ बगा."

बघितलं. तेच. तोच रंग. नखांच्या मुळाशीही.

रतन भिंतीला धरून उभी होती. बयाबाईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी म्हणालो, आता पाणी पाव हिस्सा उरेपर्यंत आटवा, जरासुद्धा कच्चं राहता कामा नये.

गंगी घरात आलेली नाही. तीन महिने आलेली नाही. मग लांबून करते का? उद्या सकाळी वर जातो.

९ मे

कोयता घेऊन गेलो होतो. लिहितो, कारण लपवून काय उपयोग.

गंगी नदीवरून हंडा घेऊन चढत होती. मला पाहून तिने हंडा उतरवला. चिंगी दारात रांगत होती, माती खात होती, टणटणीत.

"माजी नात निळी पडली. काय केलंस सांग, न्हाईतर हितंच तुजा निकाल लावतो."

ती घाबरली नाही. कोयत्याकडे बघून म्हणाली, "पाटील, तुमच्या घरात पाय ठिवून तीन म्हैनं झालं. आता कुनाचं नाव घेनार?"

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माजी पोर तुमच्याच घरी काळी पडली. तुमी हीर बंद केली, दूध बंद केलं, अन आठ दिसांत माजी पोर लाल झाली. म्या मनात तुमास्नी दुवा दिला व्हता. मग तुमी झरा बुजवलात."

कोयता हातात होता, पण हात उचलेना. खाली येताना स्वतःला सांगत राहिलो की बाई बेरकी आहे, आपल्या अंगावरचं विहिरीवर ढकलते. पण ते मनाला पटत नव्हतं. रात्री जेवताना कधी नव्हे ते तिचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं. सोपान घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

११ मे

काल पोरगी दूध ओढेना. सोपानने कामावर खाडा केला, शालूला आणि पोरीला घेऊन मिळाली ती गाडी धरली. मी मागे लागलो म्हणून मलाही नेलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी सुई टोचून रक्त काढलं. लाल नव्हतं. काढ्यासारखं तपकिरी होतं.

त्यांनी देवाचं विचारलं नाही, नजरेचं विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "दूध कशात कालवता? पाणी कुठलं?"

सोपानने सगळं सांगितलं. विहीर, गोठा, खतखड्डा, चर, सल्फेटची पोती. एकेक गोष्ट तो सांगत होता आणि मला वाटत होतं कुणीतरी माझी उलटतपासणी घेतंय.

बाईंनी पोरीला निळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. निळ्या पोरीला निळं औषध! मी भांडायलाच उठलो होतो. पण तासाच्या आत ओठ गुलाबी व्हायला लागले. संध्याकाळी पोरीने हिरवीनिळी लघवी केली तेव्हा शालू घाबरून रडली आणि बाई हसल्या. म्हणाल्या, औषध बाहेर पडतंय, काळजी करू नका.

मग मला समोर बसवून सांगितलं. "खतातला, शेणमुतातला क्षार मुरत मुरत विहिरीत उतरलाय. त्याला नायट्रेट म्हणतात. रंग नाही, वास नाही. तान्ह्या मुलाचं रक्त तो बदलून टाकतो, मग रक्त अंगाला हवा पोचवत नाही. विहिरीचं पाणी बाटलीत द्या, पुण्याला तपासायला पाठवते. पण मला शंका नाही."

"मी रोज पितो ते."

"मोठ्यांना सहसा काही होत नाही. तान्ह्यांना होतं."

"पण बाई, उकळून देत होतो. निम्म्यावर आटवून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, उकळून जंतू मरतात. क्षार मरत नाही. पाणी उडून जातं, क्षार तेवढाच राहतो. निम्मं केलंत म्हणजे दुप्पट दाट केलंत. पाव केलंत म्हणजे चौपट."

सोपानने विचारलं, जानेवारीत आमचं एक गेलं, तेही असंच का? बाई म्हणाल्या, मी पाहिलेलं नाही, खात्री कशी देऊ. पण तुम्ही सांगता ती लक्षणं हीच.

पोरीला आठ दिवस दवाखान्यातच ठेवायचं, नळाच्या पाण्यावर. पुढे घरी नेल्यावर काय? गावाचा आडही उकिरड्यांच्या मधेच. बाईंनी विचारलं, "वस्तीच्या वर, गुरं जात नाहीत असा एखादा झरा नाही का तुमच्याकडे?"

सोपान खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी येऊन पंचनामा काढला. आरोपीचा रकाना रिकामा होता, त्यात नाव लिहिलं. रखमाजी. चार महिने ज्याच्या नरड्याचा घोट घ्यायला निघालो होतो तो हाच.

१३ मे

कुदळ, फावडं, पहार घेऊन एकटाच उंबराखाली गेलो. गडी नेले नाहीत. नेले असते तरी आले नसते, गावात बातमी फुटली आहे.

वाडीची माणसं जमली. कोंडूने कुदळ उचलायला हात घातला तशी गंगी मधे आली.

"हात लावू नगा. आमची पोरं दोन म्हैनं नदीचं गढूळ पानी पीत्यात. तीन पोरांस्नी हगवन लागली. ज्यानं भरला त्यानं उपसावा."

कोंडूने कुदळ ठेवली. सगळे सावलीला बसले आणि दिवसभर माझ्याकडे बघत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही. माझ्या गावात मला कधी कुणी काम करताना असं बसून पाहिलेलं नाही. मातीच निघाली, धोंडे बाकी आहेत.

१५ मे

हाताला फोड आले, फुटले. तिसऱ्या दिवशी तळाचा धोंडा हलला. आधी चिखल, मग करंगळीएवढी धार. नितळ व्हायला दुपार उलटली.

मी हंडा लावायला गेलो. गंगीने आपला हंडा आधी लावला. "आदी चिंगी पिईल. मग वाडीची पोरं. मग तुमची."

बारा घरांचे हंडे भरेपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणाली, "हितनं रोज न्या. झरा कुनाचा न्हाई. पन हंडा तुमच्या डोक्यावर गेला पायजे. गड्याच्या न्हाई, बायकांच्या न्हाई."

मी म्हणालो, "मला माफ कर, गंगे."

ती म्हणाली, "ते म्हाईत न्हाई. पानी न्या."

१९ मे

पोरगी घरी आली. रोज सकाळी दोन खेपा घालतो. डोक्यावर चुंबळ, वर हंडा. भाऊबंद मुद्दाम ओट्यावर येऊन बसतात. एकाने विचारलं, पाटील, पाटीलकीत हेही येतं का? मान हलली तर पाणी सांडतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

खतखड्डा उपसून सगळा पार शेताच्या टोकाला नेला, चर बुजवली. पुण्याहून पाण्याचा कागद आला, बाईंचं म्हणणं खरं निघालं. सोपान म्हणतो विहीर बुजवून टाकू. आणि म्हणतो, "आबा, रतनला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

रतनला अजून एवढंच माहीत आहे की पाणी बाधलं, शालूच्या पोरीला. पुढचं तिने विचारलेलं नाही. तीन वेळा तिच्यासमोर गेलो, तीन वेळा मागे फिरलो. कोयता घेऊन डोंगर चढताना मला भीती वाटली नव्हती.

२२ मे

आज सांगितलं. रतन पडवीत तांदूळ निवडत होती. समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. खड्डा मी खणला, विहीर तिथे मीच काढली, आटवायला मीच सांगितलं. तुझं पोर गंगीने नाही, मी नेलं.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "पाव हिस्सा?"

"व्हय."

"शेवटचं चार दिस म्या चुलीपुढं बसून आटवीत व्हते, मामंजी. डोळ्यांत धूर जायचा तरी उठत नव्हते. जरा जास्तीच आटवायचे, लवकर बरं वाटावं म्हनून."

मी तिच्या पायांशी डोकं टेकलं. तिने पाय आखडून घेतले, सूप उचललं आणि आत गेली.

२३ मे

सोपानने विहिरीत लोटायला मुरुमाची गाडी आणली. रतन काठावर जाऊन उभी राहिली.

"ही बुजवायची न्हाई."

"अगं, विष आहे ते," सोपान म्हणाला.

"लेकरांना. बुजवायची न्हाई म्हनलं ना."

असा आवाज तिचा कुणी ऐकला नव्हता. सोपानने गाडी परत नेली.

२४ मे

रात्री जेवायला बसलो. शालूच्या, सोपानच्या, बयाबाईच्या ताटाशी झऱ्याच्या पाण्याची भांडी होती. माझ्या ताटाशी काही नव्हतं. रतन घागर घेऊन मागच्या दाराने गेली. रहाट वाजला. तिने त्या घागरीतलं भांडं भरून माझ्या उजव्या हाताशी ठेवलं आणि उभी राहिली.

बयाबाई कळवळली. "अगं, त्यास्नी बी झऱ्याचंच दे की. सकाळधरनं वाहत्यात."

"मोठ्या माणसाला काय व्हत न्हाई," रतन म्हणाली. "डाक्तरीनबाई म्हनल्यात."

मी भांडं उचललं आणि एका दमात प्यायलो. ती तिथेच उभी होती. भांडं खाली ठेवल्यावर तिने वाकून ते पुन्हा भरलं.